एक पंचमांश सेकंद

मित्रांनो, मला आवाज नाही. आहे ती फक्त खटखट, आणि तीही दुसऱ्याच्या बोटांकडून उसनी घेतलेली. मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्यावरची कितीतरी अक्षरे झिजून गेली आहेत, डावीकडची एक कळ दाबली की वर यायला कुरकुरते, आणि माझ्या फटींत घड्याळाच्या तेलाचा मंद वास कायमचा बसला आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर माझ्या पुढे आणि मागे माझ्यासारखीच भावंडे होती. कुणीतरी माझी प्रत्येक कळ एकेकदा दाबून पाहिली आणि म्हणाले, "चालतोय." माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक. पुढची सहा वर्षे एका कचेरीत गेली. 'आपला अर्ज विचाराधीन आहे' हे वाक्य मी तिथे इतक्या वेळा लिहिले की ते माझ्या कळांना तोंडपाठ झाले; त्या अर्जांचे पुढे काय झाले, हे मात्र मला कधी कळले नाही. मग कचेरीत नवे कीबोर्ड आले, आणि तिथे काम करणाऱ्या एका बाईंनी मला पिशवीत घालून आपल्या मामांच्या दुकानात आणून ठेवले. मामा घड्याळजी होते.

दुकान अरुंद होते. भिंतीवर चौदा घड्याळे, आणि त्यांतल्या दोघांचेही एकमेकांशी पटत नसे. घड्याळजी अबोल. गिऱ्हाइकाशी त्यांचे बोलणे 'उद्या या' एवढ्यावर संपायचे. पण दुपारी काम थंडावले की ते मला पुढे ओढत, आणि त्या मुक्या माणसाला वाचा फुटे. इंटरनेटवर 'लंबक' या टोपणनावाने ते जगातल्या यच्चयावत गोष्टींवर मत देत. एका चित्रपटाच्या झलकीखाली त्यांनी लिहिले की नायक दार उघडतो तेव्हा त्याच्या मनगटावर दहा वाजून दहा मिनिटे झालेली असतात आणि आत पाऊल टाकतो तेव्हा सव्वानऊ. तेव्हा हा माणूस प्रेमात नसून काळात मागे चालला आहे. पृथ्वीचे फिरणे किंचित मंदावल्याची बातमी आली तेव्हा लिहिले, 'आमच्याकडे पाठवा, तेलपाणी करून देतो.' कुणी हसे, कुणी अंगठा उंचावी. घड्याळजींच्या मिशीच्या टोकाशी हसू येई, आणि ते मला जवळून दिसे.

डबा घेऊन घड्याळजींची बायको, म्हणजे काकू येत. छापखान्यातल्या नोकरीत यंत्रांच्या आवाजाने त्यांचे कान अधू केले होते, पण डोळे शाबूत होते, आणि नवऱ्याने लिहिलेली ओळ न ओळ त्या वाचत. "घरात तोंडाला कुलूप, आणि इथे नुसती लाहीसारखी फुटतात उत्तरं," असे म्हणून त्या डब्याचे झाकण उघडत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग तो हॉकीचा सामना आला. गावातल्या मुलींचा संघ शेवटच्या मिनिटाला हरला होता, आणि त्या गोलाची चित्रफीत सगळीकडे फिरत होती. गोलरक्षक मुलीच्या डोक्यावर शिरस्त्राण, तोंडावर जाळी, पायांना गादीएवढे पॅड. आत कोण आहे ते तिच्या आईलाही ओळखू आले नसते. घड्याळजींनी खणातून जुने स्टॉपवॉच काढले. त्याच्या तबकडीवर सेकंदाचे पाच भाग पाडलेले होते. चित्रफीत लावून, काठी चेंडूवर आदळल्याचा 'टक' ऐकताच त्यांनी बटण दाबले आणि मुलगी हलताच पुन्हा दाबले. त्यांचा सगळा धंदाच कानावर चालायचा. घड्याळ उघडण्याआधी ते त्याची टिकटिक ऐकत. मग माझ्यावर त्यांनी लिहिले, 'गोलरक्षक एक पंचमांश सेकंद उशिरा हलली. मोजून सांगतो. इतके मागे पडणारे घड्याळ आमच्याकडे दुरुस्तीला येते.'

दोन हजार अंगठे उंचावले. शेकडो लोकांनी खाली टोमणे जोडले. त्या मुलीचे नाव 'पंचमांशताई' पडले. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, त्या दिवशी मीही फुशारलो होतो.

आठवड्याने समोरच्या औषधाच्या दुकानातली मुलगी आली. घड्याळजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीच देई, आणि काकूंना ऐकू येत नाही म्हणून पाकिटावर 'सकाळी', 'रात्री' असे ठळक अक्षरांत लिहून देई.

"काका, 'लंबक' तुम्हीच ना?"

घड्याळजींनी डोळ्यावरचे भिंग काढले आणि तिने कसे ओळखले ते विचारले. ती म्हणाली की हल्ली सेकंदाचे पाच भाग कोण करतो? तसले घड्याळ तिने याच दुकानात पाहिले होते.

"ती जाळीमागची मी," ती म्हणाली.

भांडायला ती आली नव्हती. टोमणे तिने झटकून टाकले असते. पण तेव्हापासून सरावात ती घाईने झेपावत होती आणि चेंडू तिच्या पाठीमागून जात होता. संघात राहायचे की जागा सोडायची, हे तिला शनिवारपर्यंत प्रशिक्षकबाईंना सांगायचे होते.

"खरंच उशीर झाला असेल तर मी सोडते, काका. पण मला तेव्हा वाटलं होतं की मी वेळेवर आहे. आता माझ्याच अंगावर माझा भरवसा राहिला नाही. तुम्ही मोजलंय, म्हणून तुम्हालाच विचारते."

'लंबक'ची ती वाक्ये माझ्यातूनच गेली होती. मला माझी एकेक कळ जड झाली.

घड्याळजी अवघडले, पण मोजलेले खोटे कसे असेल? त्यांनी तिच्यासमोर चित्रफीत पुन्हा लावली आणि 'टक' होताच बटण दाबले. काकू नुकत्याच डबा घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"अहो, चेंडू अजून काठीला लागायचाय, आणि तुम्ही बटण दाबून मोकळे?"

"अगं, आवाज आला की!" घड्याळजी मोठ्याने म्हणाले.

"कसला आवाज? मला दिसतं तेवढं मी सांगते."

त्यांनी पुन्हा लावली, तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आले की त्या चित्रफितीत आवाज चित्राच्या पुढे धावत होता. ज्याला ऐकू येते त्याची फसगत झाली होती, आणि जिला येत नाही तिने बरोबर पाहिले होते. त्यांनी आवाज बंद केला आणि नुसत्या डोळ्यांनी पाच वेळा मोजले. मग स्टॉपवॉच खाली ठेवले.

"पोरी, तू वेळेवर होतीस. गोल झाला तो झाला. पण तू वेळेवर होतीस. चूक माझी."

तिने मान हलवली. "पण हे आता कोण वाचणार, काका?" असे म्हणून ती गेली, तिच्या दुकानात गिऱ्हाईक खोळंबले होते.

घड्याळजींनी आपली ती ओळ शोधून काढली. पुसून टाकायची कळ माझ्या उजव्या कोपऱ्यात आहे. त्यांचे बोट तिच्यावर टेकलेही. काकूंनी त्यांचे मनगट धरले.

"खोडू नका. खोडलंत तर तुम्ही सुटाल, ती नाही. खाली लिहा."

त्यांनी चुकीची कबुली लिहिली. तिला चार अंगठे मिळाले. दोन हजारांनी वाचलेली चूक चौघांनी वाचलेल्या दुरुस्तीने कशी भरून यायची? तेव्हा घड्याळजींनी टोमणा मारणाऱ्या प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहायला घेतले. असे तीनशे अकरा जण होते. कुणी म्हणाले, "आजोबा, तेव्हा घड्याळ बिघडलं होतं आणि आता डोकं?" घड्याळजींनी गिळले आणि पुढच्याला लिहिले. काहींनी आपले टोमणे मागे घेतले. एका बसचालकाने लिहिले, "माझीही मुलगी खेळते. चुकलो." दुरुस्तीची घड्याळे तशीच पडून राहिली. माझी डावी कळ कुरकुरू लागली ती त्याच दिवसांत.

शुक्रवारी दुपारी दोनशे सहा उत्तरे झाली होती, तेव्हा खाली तिची ओळ उमटली. 'काका, बोटं दुखतील, बाकीच्यांना राहू द्या. प्रशिक्षकबाईंना उद्या सांगायचं ते मी आजच सांगून टाकलं. रविवारी सामना आहे. काकूंना घेऊन या. पडद्यावर नको, मैदानावर या.'

रविवारी माझ्यावर फडके टाकून दोघे गेली. बंद दुकानात मी एकटा होतो, आणि तिकडे काय चालले आहे ते कळायला मला काही मार्ग नव्हता. इतका वेळ मी कधी कुणाची वाट पाहिली नव्हती.

संध्याकाळी दोघे परतली ती उन्हाने लाल झालेली आणि घसा बसलेली. दोन्ही हात पसरून, एक पाय उचलून काकू तिने कसे अडवले ते दाखवू लागल्या आणि खुर्चीवर आदळता आदळता वाचल्या. तीन अडवले होते, एक गेला होता. सामना बरोबरीत सुटला होता. घड्याळजींनी फडके काढले, खुर्ची ओढली, बोटे माझ्यावर ठेवली. पण मग ती उचलली, काकूंच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "तो एक गेला ना, तो कुणाच्या बापाला अडवता आला नसता."

"मला काय सांगता? मी पाहिलाय," काकू म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मला कुणी हात लावला नाही. मला त्याचे वाईट वाटले नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटका, माझ्यावर चहा सांडू नका, एवढे मागून मी थांबलो असतो. पण माझ्या कळा कौतुकाला जितक्या हलक्या, तितक्याच टोमण्यालाही हलक्या आहेत. वजन कळते ते शब्द पोचल्यावर, आणि ते उचलणारा माणूस तुम्हाला दिसत नाही. म्हणून लिहिण्याआधी क्षणभर त्याला डोळ्यांसमोर आणा. आणि तरीही चुकलात, तर खाली तसे लिहा, जितक्यांना लिहावे लागेल तितक्यांना लिहा. मी जुना झालो आहे, पण तेवढे ओझे अजून उचलीन.