चार माणसांचं वजन

एकाहत्तराव्या वर्षी आपल्याला कुणी काही शिकवावं असं उरलेलं नाही, अशी ग्वोझ्देनची ठाम समजूत होती. त्यामुळे गाडीसोबत मिळालेलं पुस्तक त्रेचाळीस वर्षं ड्रॉवरमध्ये कोरं करकरीत पडून होतं. गाडी इवलीशी, पिवळी. यागोदाला लग्न करून त्यानं हिच्यातूनच घरी आणलं होतं, आणि येत्या रविवारी नातीलाही, तियानाला, हिच्यातूनच चर्चमध्ये न्यायचं यावर तो अडून बसला होता. तियानानं मुदत दिली होती. शुक्रवारी गाडी धड उभी दिसली तर ठीक, नाहीतर नवऱ्या मुलाकडची लांबलचक काळी गाडी येणार.

शुक्रवार उजाडला. पत्र्याचं काम उरकलं होतं. गंज घासून, पुट्टी भरून दरवाजे इतके गुळगुळीत झाले होते की यागोदा म्हणाली, "माझ्या गालावरून कधी एवढा हात फिरवला नाहीस." पुढचे स्प्रिंगपाटेही त्यानं बदलले. पण जॅकवरून उतरवली तशी गाडी नाक वर करूनच उभी राहिली.

कुंपणापलीकडे ल्युबिन्को होता. निवृत्त मेकॅनिक. "भंगारात घाल," असं त्यानं एकदा म्हटलं आणि ग्वोझ्देननं तीन वर्षं त्याच्याशी बोलणं टाकलं.

"शेजारी, गाडी ढग मोजतेय का?"

ग्वोझ्देनला ऐकूच आलं नाही. यागोदानं चष्मा लावून पुस्तक काढलं.

"इथं लिहिलंय, पाट्यांच्या टोकांच्या रबरी बुशचे बोल्ट शेवटी आवळायचे. गाडी चाकांवर उभी करून, आत चार माणसं बसवून, नाहीतर रबर पीळ खाऊन गाडी वरच धरून ठेवतं. तू चाकं लोंबकळत असतानाच आवळलेस ना?"

"मला माहीत होतं."

"हो, त्रेचाळीस वर्षं माहीत होतं."

त्याला न विचारताच तिनं ल्युबिन्को नवराबायकोला कॉफीला बोलावलं. गाडी गॅरेजातल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली. ते दोघं मागे कोंबले गेले, पाहणी करायला आलेली तियाना स्टिअरिंगमागे बसली, तिच्या शेजारी यागोदा. ग्वोझ्देन पाना घेऊन खड्ड्यात उतरला आणि बोल्ट सैल करून पुन्हा आवळू लागला.

"पोट आत घेऊ नकोस," ल्युबिन्कोनं बायकोला बजावलं, "वजन कमी भरेल."

यागोदाच्या बुटाखालची चटई सरकली, तशी तिनं पाय उचलून पाहिलं. खाली रिव्हेट मारलेलं काळं ठिगळ होतं. त्याच्या काठाचा पोचा तिच्या चांगलाच ओळखीचा होता.

"ग्वोझ्देन, इस्टरपासून मी चीजचा गिबानित्सा भाजायची परात शोधतेय."

खालचा पाना थांबला.

"तुझ्या बहिणीकडे राहिली असेल म्हणालास."

"शेजारी, आता वर येऊ नकोस," ल्युबिन्को म्हणाला.

"तू गप्प बस, ल्युबिन्को." ग्वोझ्देनचं त्याच्याशी तीन वर्षांतलं हे पहिलं बोलणं. मग खालूनच तो यागोदाला म्हणाला, "तिथला पत्रा पार सडला होता. विकतचा मिळतो तो कागदासारखा. घरात परातीहून जाड लोखंड नव्हतं. आणि तिथं तू बसतेस."

यागोदानं उचललेले पाय हळूच परत खाली ठेवले. तिला भरून आलं होतं, पण ते ल्युबिन्कोसमोर कोण दाखवणार?

"राहिलेला बोल्ट आवळ," ती म्हणाली. "कॉफी करायचीय मला."

सगळे उतरले. गाडी किंचित उचलली गेली आणि सरळ उभी राहिली. तियाना तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आली.

"आजोबा, काळ्या गाडीला नको म्हणून कळवते."

ग्वोझ्देन वर आला, तोंडावर गंज, नजर जमिनीवर.

"नवरी मागे बसेल," यागोदा म्हणाली. "पुढे माझी परात आहे."