घड्याळजींची कोंबडी

मित्रांनो, मी एक म्हातारी कोंबडी आहे. माझा तुरा आता एका बाजूला लवंडला आहे आणि खुराड्यात चढताना पाय कुरकुरतात. पण एके काळी माझा काय थाट होता म्हणून सांगू!

माझा जन्म बेकरीवाल्याच्या परसातला. आम्ही पिल्लं जरा दाणे टिपायचो, की थंडी वाजायची आणि सगळी धूम ठोकायची आईच्या पंखाखाली. अंगात ऊब आली की पुन्हा बाहेर. दिवसभर हेच आत-बाहेर! आई बिचारी कधी कंटाळली नाही. ती ऊब आठवली, की अजूनही माझे डोळे आपोआप मिटतात.

मोठी झाल्यावर मी शेजारी घड्याळजींकडे आले. त्यांनी आयुष्यात पाळलेली पहिलीच कोंबडी मी! परसाकडच्या खिडकीशी डोळ्याला भिंग लावून ते घड्याळं दुरुस्त करत. सकाळच्या चहाबरोबर त्यांना ताजं अंडं लागायचं, तेही ठरल्या वेळी. इथेच पंचाईत होती. आमचं अंडं तयार व्हायला दिवसाहून थोडा जास्त वेळ लागतो. आज सकाळी घातलं, तर उद्या जरा उशिरा, परवा आणखी उशिरा. सरकत सरकत दुपार उलटली, की एक दिवस सुट्टी आणि मग पुन्हा सकाळपासून सुरू.

"ही रोज मागे पडते. हिला चावी द्यायला हवी," घड्याळजी कुरकुरायचे. अगंबाई! मी काय भिंतीवर टांगलेली होते? पण गरम अंडं हातात आलं, की हेच गृहस्थ हळूच माझी पाठ थोपटायचे. फार बरं वाटायचं हो.

मग दिवस लहान होऊ लागले आणि माझी पिसं झडायला लागली. अंडीही थांबली. आम्हा कोंबड्यांचं वर्षातून एकदा असं होतं. जुनी पिसं जाऊन नवी येतात आणि सगळी ताकद त्यातच जाते. पण हे घड्याळजींना सांगणार कोण? त्यांनी खाटकाला निरोप धाडला, "घेऊन जा. ही संपली."

त्याच सुमारास त्यांची लेक तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आली होती. बाळ घटकाभर झोपायचं, उठून भोकाड पसरायचं, दूध प्यायचं, की पुन्हा गुडूप.

"आत्ताच तर पाजलंस! काही वेळ ठरव की," घड्याळजी म्हणायचे.

"बाबा, त्याचं पोट तुमचं घड्याळ बघत नाही," ती हसून म्हणायची.

खाटीक आला. त्याने माझे पाय धरून मला उलटं लटकवलं. लेक दारात केस विंचरत उभी होती.

"हिला का देताय?"

"बघ ना अवतार. पिसं झडली, अंडी बंद. आता हिचा काय उपयोग?"

तिने फणीतला केसांचा गुंता काढला आणि वडिलांच्या तळहातावर ठेवला. "माझेही मूठमूठ गळतायत, बाबा. बाळ झाल्यावर असं होतं, परत येतात, असं नर्सबाई म्हणाल्या. की मलाही देऊन टाकताय?"

ती हसत होती, पण डोळे भरले होते. घड्याळजी कितीतरी वेळ हातातल्या केसांकडे बघत राहिले.

"नेऊ ना मालक?" खाटकाने विचारलं.

"नको, सोड तिला. वाट बघतो आम्ही."

नवी पिसं आली, पहिल्यापेक्षाही तजेलदार. एका दुपारी मी अंडं घातलं आणि परस डोक्यावर घेतला. घड्याळजी धावत आले. ते गरम अंडं त्यांनी नातवाच्या गालाला लावलं. किती वाजले, ते त्यांनी पाहिलंच नाही. लेक सासरी परतली, तेव्हा तिच्या कपाळावर बारीक नवे केस उभे राहिले होते.

मित्रांनो, कुणी थांबलेलं दिसलं, तर लगेच त्याला टाकून देऊ नका. आधी त्याला दाणापाणी द्या, ऊब द्या.

आता मात्र माझी अंडी कायमची थांबली आहेत. घड्याळजींना ते ठाऊक आहे. तरी रोज सकाळी ते येतात, माझ्याखालचा पेंढा चाचपतात आणि रिकाम्या हाताने माझी पाठ थोपटतात.

"असू दे," म्हणतात, "वाट बघतो आम्ही."