सहाव्या नदीची बासरी

‘सात नद्या’ हा संगणकावरचा खेळ आता माझ्या ओळखीचा राहिलेला नाही. उडते घोडे आले, दर दोन महिन्यांनी नवा प्रदेश येतो. आम्ही खेळायचो तेव्हा सहाव्या नदीवर साधा पूल नव्हता. नावेची वाट बघत काठावर उभं राहावं लागे, आणि तेवढ्या वेळात कुठल्या कुठल्या देशांतली माणसं गप्पा मारत.

हे सगळं मी हुलियाका शहरात, दोन्या फोर्तुनाता या बाईंच्या कॅबिनात, म्हणजे इंटरनेट कॅफेत बसून पाहिलं. अकरा संगणक, मधे प्लायवुडचे आडोसे, आणि थंडी इतकी की मी बोटं कापलेले लाल लोकरी हातमोजे घालून खेळायचे. शेजारी माझा मित्र वाल्देमार. दोन्या फोर्तुनाता दर तासाला आपीचे, म्हणजे मक्याच्या गोड पेयाचे, वाफाळते पेले घेऊन आमच्या पाठीमागून फिरायची.

गेल्या मार्चमध्ये बहिणीने मला इंटरनेटवरचं एक पान पाठवलं. ‘जुना नावाडी’ नावाने कुणीतरी खेळाच्या पहिल्या दिवसांबद्दल लिहीत होतं. मी मन लावून वाचू लागले. नावेची घंटा, धुक्यात हरवलेली माणसं, सगळं जसंच्या तसं. डोळे भरून आले. आणि पाचव्या मजकुराशी थबकले.

‘लाल हातमोजेवाली मुलगी नावेत चढण्याआधी आपल्या योद्ध्याला गुडघ्यावर बसवायची.’

ही माझी खोड. ती वाल्देमारशिवाय कुणाला माहीत असणार?

वाल्देमारशी मी एकोणीस वर्षं बोललेले नव्हते. सात महिने खपून मी खेळात चांदीची बासरी मिळवली होती. ती वाजवली की नदीवरचं धुकं हटायचं. एका दुपारी बहिणीला आणायला बसथांब्यावर गेले, खेळ चालूच ठेवला, आणि त्याला म्हटलं, “जरा लक्ष ठेव.” परत आले तर बासरी नाही. तो म्हणाला, “मी पाच मिनिटं बाहेर गेलो होतो.” मी कॅबिनाभर ओरडले, “चोर!” त्यानंतर तो तिथे आला नाही. आता त्याचं तीनचाकींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तो समोरून आला की मी रस्ता ओलांडायचे.

पुढच्या आठवड्यात नावाड्याने लिहिलं, ‘बासरी गेल्यावर ती तीन दिवस येऊन नुसती बसली. खेळली नाही.’

माझ्या अंगाची लाही झाली. चोरून पोट भरलं नाही, आता मजाही बघतोय! दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात गेले.

वाल्देमार गिऱ्हाइकाला साखळी दाखवत होता. मला बघून त्याने ती खाली ठेवली.

“एवढ्या वर्षांनी आठवण झाली?”

“आठवणी तू लिहितोयस. नावाडी म्हणे! लाज नाही वाटत?”

“मी?” तो कडवट हसला. “बाई, ते तूच लिहितेस म्हणून मी तर तुझ्यावर दात खाऊन बसलोय. तिसरा मजकूर वाचलास ना? मुलगा मागच्या गल्लीत पोत्यांवर बसून रडला, हे लिहायची काय गरज होती?”

“कोण रडला?”

“मी रडलो. तू चोर म्हणालीस त्या दिवशी. कुणी बघितलं नाही असं वाटलं होतं मला.”

मला हे खरंच ठाऊक नव्हतं. तो मजकूर मी वाचला होता, पण तो मुलगा कोण हे कळलं नव्हतं. वाल्देमार माझ्या तोंडाकडे बघत राहिला, खोटं शोधत. मीही त्याच्याकडे तशीच बघत होते.

“त्या गल्लीत दार कुणाचं उघडायचं?” त्याने हळूच विचारलं.

कॅबिनाच्या स्वयंपाकघराचं. दोन्या आपी तिथेच उकळायची.

आम्ही त्याच्याच गाडीने तिच्याकडे गेलो. दोन्या फोर्तुनाता आता एकाहत्तरची. कॅबिनाच्या खोलीत बटाट्याची पोती रचलेली. आम्हाला दोघांना एकत्र बघून ती पटकन खुर्चीवर बसली.

“मी बोलते, फोन लिहितो,” ती म्हणाली. “नातीने शिकवलं.”

“पण तुम्ही कधी खेळलाच नाहीत, दोन्या!”

“पाच वर्षं तुमच्या पाठीमागे उभी होते, पोरी. एकदाच बसले. तू बसथांब्यावर गेली होतीस आणि हा बाहेर. म्हटलं, या पाण्यात एवढं आहे तरी काय, बघू. तर खेळात तिथे एक माणूस आला. म्हणाला, पलीकडे माझे सोबती धुक्यात अडकलेत, बासरी द्या, उद्या आणून देतो. तुम्ही एकमेकांना वस्तू कशा देता ते पाहिलेलं होतं. दिली.”

“दिली?”

“इतकं गोड बोलला गं. दुसऱ्या दिवशी मी वाट बघत होते.”

“आणि मला चोर म्हटलं तेव्हा?” वाल्देमारचा आवाज चिरकला.

म्हातारीने पदराआड लपावं तसा शालीत चेहरा लपवला. “भ्याले, बाबा. गिऱ्हाइकं तुटतील, नवरा बोलेल. म्हटलं, मुलं आहेत, चार दिवसांत बोलतील. आता वय झालं. वाटलं, आधी चांगलं चांगलं सांगावं, मग हे.”

मी विचारलं, “त्या माणसाचं नाव काय होतं?”

“आठवत नाही.”

आणि माझी नजर, मी न वळवता, वाल्देमारकडे गेली. क्षणभरच. गल्लीच्या कोपऱ्यावर दुसरी एक कॅबिना होती; तिथून यानेच तो माणूस बनून बासरी मागितली असेल तर?

त्याने ते पाहिलं. “अजूनही?” एवढंच म्हणाला आणि उठला. दोन्याने पुढे केलेला आपीचा पेला त्याने ओठाला लावला नव्हता. मी घरी पायी आले.

वाल्देमारला असलं सोंग कशाला लागणार, बासरी त्याला माझ्याकडे मागून मिळालीच असती, हे मला वाटेत सुचलं. एकोणीस वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं.

शनिवारी, गर्दी असताना, मी दुकानात गेले. चोर म्हणताना सगळ्यांसमोर म्हटलं होतं, म्हणून हेही सगळ्यांसमोर.

“या माणसाने माझं काही घेतलं नव्हतं. मी खोटा आळ घेतला.”

गिऱ्हाइकं वळून बघू लागली. वाल्देमारने हात फडक्याला पुसले.

“ऐकलं,” तो म्हणाला. “बाजूला हो जरा, त्यांना ब्रेकची तार द्यायचीय.”

मी बाजूला झाले. गेले मात्र नाही, आणि त्यानेही जा म्हटलं नाही.