पन्नास रेघांचा साक्षीदार

मी सांगतो त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, लावा पैज! पुढे बसलेली चिमुरडी जनी तर आत्तापासूनच डोळे बारीक करून बघते आहे. बघू दे.

मी एक जुना तापमापी आहे. पोटात तांबडं पाणी, अंगावर शून्यापासून पन्नासपर्यंत रेघा. माझं तरुणपण मिठागराच्या कचेरीत गेलं. मी चाळिशी ओलांडली की मीठ घाबरून वाफ्यातून उठायचं आणि आपल्या पायांनी ढिगात जाऊन बसायचं! पुढे मिठागर बंद झालं. तिथले मुकादम बळीराम यांनी मला खिशात घालून कामोठ्याला घरी आणलं आणि एका खिळ्याला अडकवलं. मग वीस वर्षं माझी आठवण फक्त जळमटं काढताना व्हायची.

या उन्हाळ्यात मात्र त्यांच्या नातीला, पूर्वीला, घरबसल्या इंटर्नशिप मिळाली. हवामानाचं संशोधन. उष्णता वाढली की असं काय घडतं, ज्यानं ती आणखीच वाढते, ते आकड्यांतून शोधायचं. मला खिडकीबाहेर मानाची जागा मिळाली. रोज दुपारी तीनला पूर्वी मला वाचायची आणि आकडा लॅपटॉपवर भरायची.

बाराव्या दिवशी मी एकदम चार अंश चढलो, आणि मग रोज दुपारी तसाच चढू लागलो. इंटर्नशिपमधल्या खारघर, रोडपालीच्या मुलांचे आकडे होते तिथेच. व्हिडिओ कॉलवर संशोधन बघणाऱ्या विनिता मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "पूर्वी, हे आकडे मनानं लिहितेस का? शुक्रवारपर्यंत कारण दे. नाहीतर तुझं नाव काढावं लागेल."

पूर्वीनं माझ्याकडे शिळ्या बोंबलाकडे बघावं तसं बघितलं. मित्रांनो, मला संशय होता शेजारच्या शैलेशकाकांचा. माझ्यापासून दोन हातांवर त्यांचा एक पांढरा डबा नवाच बसला होता. पूर्वीचीही नजर त्यावर गेली आणि ती विचारायला गेली.

"छे गं, आमचा एसी दुपारी बंदच असतो," काका अर्धवट दारातून म्हणाले. त्याच फटीतून गारेगार हवा तिच्या पायांवर आली.

गुरुवारी बळीराम आजोबांनी ओला पंचा माझ्याशेजारी टांगला. समोरच्या झाडाचं पान हलत नव्हतं, पण तीन वाजले आणि पंचा फडफडू लागला. आजोबांनी तिथे हात धरला.

"पोरी, यो खाडीचा वारा नाय, मशिनीचा हाय. मिठागरात जल्म काढलाय आमी. वारा आमाला काय फसवतो!"

पूर्वीनं पंच्याचा व्हिडिओ आणि एसी बसल्याची तारीख मॅडमना पाठवली. तारीख बाराव्या दिवसाचीच निघाली. मॅडम हसल्या. "गरम होतं म्हणून एसी, आणि एसीमुळे बाहेर आणखी गरम. अगं, आपण हेच तर शोधतोय! ते आकडे वेगळे ठेव, आणि तापमापी सावलीत, डब्यापासून लांब टांग. तुझं नाव राहतंय."

म्हणून विनवतो, मित्रांनो, आम्हांला योग्य जागी टांगा. अधूनमधून धूळ पुसा. आणि आकड्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका, आकडा सांगणाऱ्याला आधी नीट निरखा. मला मात्र मॅडमचं बोलणं ऐकून इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी त्याच क्षणी सरळ चौपन्न अंशांवर...

"खोटं!" जनीनं माझ्या काचेला नाक लावलं. "पन्नासच्या वर तुज्या अंगावर रेघच नाय!"