भाकड गाईचा घास

तीस-पस्तीस वर्षं झाली असतील. कुंभवलीच्या मंगलाला त्या सकाळी रडायचंही त्राण उरलं नव्हतं. नवरा कारखान्यात रातपाळीला, घरची गुरं हिच्या गळ्यात. तिने कबरी गाईच्या कासेला हात लावला आणि तिथेच मटकन बसली. आता आणखी एक सड दगडासारखा! पिळला तर पिवळ्या गाठी. विऊन जेमतेम आठ दिवस झाले होते, वासरामागून पडणारी वारसुद्धा वेळेवर पडली नव्हती. मागच्या वेताला एक सड असाच कायमचा गेला होता.

सासूबाई, इंदुबाई, दारातून म्हणाल्या, “सांगत होते ना, त्या बायडीची नजर बरी नाय!”

बायडी पाड्यावरची. चार वर्षं ओढ्याकाठच्या हिरव्या गवताचा भारा रोज आणून टाकायची, जाताना कबरीच्या पाठीवरून हात फिरवायची. पहिला सड गेला तेव्हापासून घरात तिचंच नाव निघे. दिवाळीनंतर कबरी आटली, तेव्हा मंगलाने बायडीला सांगून टाकलं, “आता येऊ नको.” बोलणं पाड्यावर पोचलं. विहिरीवर बायका बायडीला बघून लेकरं पदराआड घेऊ लागल्या. ‘नजर’ या शब्दावरून गाव ‘भुताळी’वर, म्हणजे चेटकिणीवर, किती लवकर येतो आणि मग त्या बाईचं काय होतं, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. मंगलालाही ते ठाऊक होतं. पण गप्प राहणं सोपं होतं.

गुरांचे डॉक्टर बळवंतराव आले. सुई दिली, सडात औषध सोडलं, हात धुतले.

“ती क्षारांची पूड देता का, वहिनी?”

“देते की. दूध देते तवर रोज मूठभर.”

“आणि आटल्यावर?”

“भाकड गाईला कशाला? फुकट जायची.”

“मग खायला काय?”

“भाताचा पेंढा. दुसरं काय?”

बळवंतरावांनी सुस्कारा टाकला. दिवसात चौथ्या गोठ्यात ते हेच ऐकत होते.

“अहो, दूध आटलं तरी पोटात वासरू वाढत होतं ना? जस्त, तांबं, सेलेनियम... नखावर मावतील एवढे क्षार लागतात. पण ते नसले की रक्तातले शिपाई रोगाशी लढत नाहीत. विताना त्यांची सगळ्यात जास्त गरज, आणि नेमके तेव्हाच तुम्ही त्यांना उपाशी ठेवलेत! नुसत्या पेंढ्यात काय असणार? निदान हिरवं तरी घालायचं.”

“हिरवं बायडी आणायची. तीन महिने झाले, मीच तिला येऊ नको म्हटलं,” मंगला पुटपुटली.

इंदुबाई फणकारल्या, “मंग तिची नजर-बिजर काय नायच म्हना!”

“आजी, तीन महिने ती बाई इथे फिरकली नाही. नजर काय एष्टीने आली?”

मंगलाला हसू आलं नाही. घास आपणच तोडला, आणि तो आणणारीलाच दोष दिला!

संध्याकाळी ती पाड्यावर गेली. बायडी नाचणी पाखडत होती. मंगलाने सगळं सांगितलं. “चुकलं गं माझं.”

बायडीने सूप थांबवलं नाही. “माज्या नजरेत येवडा जोर असता, तर पाड्यावर येनारा त्या कारखान्याचा धूर नसता बंद केला? तुमी इथं अंधारात येऊन सांगता, मंगलाबाय. विहिरीवर कोन सांगल?”

रात्रभर मंगलाच्या मनात तेच घोळत राहिलं. सकाळी ती बायडीच्या शेजारी विहिरीवर उभी राहिली.

“ऐका गं सगळ्या! माझ्या गाईला रोग माझ्याच हातानं झाला. भाकड म्हणून मी तिला नीट खायला घातलं नाय. बायडीचा काय दोष नाय!”

एकदोघींनी तोंडं फिरवली. एका म्हातारीने मात्र आपली कळशी सरकवून बायडीला जागा करून दिली.

सड वाचला, दूध मात्र निम्म्यावर आलं. पुढच्या वेताआधी कबरीला पूडही मिळाली, हिरवंही मिळालं, आणि वार वेळेवर पडली. बायडीचं नाव स्वच्छ व्हायला मात्र आणखी दोन वर्षं लागली.

वाचकहो, गाय दूध देत नाही म्हणून तिचा घास तोडू नका. आणि हातून चूक झालीच, तर तिचं ओझं दुसऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवू नका. ते ठेवायला एक शब्द पुरतो. उतरवायला चारचौघांत उभं राहावं लागतं.