दिसतेय अजून

मित्रांनो, मी धरणाच्या कामावरची एक जुनी तबकडी आहे. ताटाएवढी, लोखंडी, चार भागांत काळी-पांढरी रंगवलेली. दोरीला बांधून मला पाण्यात सोडतात. मी दिसेनाशी होते, तिथपर्यंत पाणी नितळ समजायचं.

मला रंगवलं प्रयोगशाळेतल्या बाईंनी. दर सोमवारी दुपारी नावाडीकाका दोरी सोडत आणि बाई होडीच्या सावलीच्या बाजूला ओणव्या होऊन बघत. चार मीटरपर्यंत मी दिसायचे. "आरसा आहे आरसा," बाई म्हणायच्या. या पाण्यावर शेतं भिजत, वीज तयार होई. धरणात उभ्या असलेल्या, पाणी आत घेणाऱ्या बुरुजाच्या वरच्या खिडकीतून तेच पाणी शहराला प्यायला जाई.

मग वरच्या अंगाला वस्ती वाढली, सांडपाणी येऊ लागलं. पाण्यावर हिरवी साय धरली. मी दीड मीटरवरच हरवायचे. बाई मात्र म्हणत, "दिसतेय अजून." त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. इतकी वर्षं मला तिथे पाहून त्यांच्या डोळ्यांना मी तिथेच दिसायची सवय झाली होती.

एकदा त्या काकांना म्हणाल्या, "सून म्हणते, पाण्याला वास येतो, बाळाला कसं देऊ? मी म्हटलं, बिनधास्त दे गं. मी स्वतः बघते दर आठवड्याला."

पुढच्या सोमवारी काकांनी बाईंच्या नकळत मला दोरीवरून सोडवलं, माझ्या जागी दगड बांधला आणि मला आपल्या बसायच्या फळीखाली सारलं. दोरी खाली गेली. एक मीटर. दोन. तीन.

"दिसतेय अजून," बाई म्हणाल्या.

काकांनी मला फळीखालून काढून हळूच बाईंच्या मांडीवर ठेवलं.

बराच वेळ बाई माझ्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "कधीपासून?"

"दोनेक महिने."

"आधी बोलायचं नाही का?"

"बोललो होतो. तुम्ही म्हणालात, काका, चष्मा बदला."

बाई हसल्या आणि त्यांनी पदराने डोळे टिपले. तिथूनच त्यांनी बुरुजावर फोन लावला. "वरची खिडकी बंद करा. शहराला कळवा, तपासणी होईपर्यंत हे पाणी पिऊ नका." दुसरा फोन घरी. "बाळाला ते पाणी देऊ नकोस गं. चूक माझी आहे."

आता आधी काका बघतात, मग बाई. एकमेकांना न सांगता दोघं आकडा लिहितात.

मित्रांनो, पाण्यात घाण सोडू नका, हे तर आहेच. पण जे पाणी तुमचं लाडकं आहे, ते जास्त नीट बघा. मी खाली असेन. नाही दिसले, तर नाही दिसले म्हणा. मला वाईट वाटणार नाही.