रेघ फिसकटली

गाडीचा दिवा कितीही लख्ख असो, त्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाता कामा नये. भिंतीवर पाडला की वर काळोख, खाली उजेड आणि मधे सुरीने कापल्यासारखी रेघ दिसायला हवी. कारखान्यात ती रेघ तपासण्यात तपासनिसाची एकोणीस वर्षं गेली होती. त्याने नाही म्हटलं की नाही.

त्या महिन्यात रेघ फिसकटायला लागली. दिव्यामागून दिवा त्याने परत पाठवला.

"मोजणीत तर सगळं बसतंय," इंजिनीअर बाई म्हणाल्या.

"यंत्राला काय कळतंय! साच्याचं पॉलिश गेलंय," त्याने ठासून सांगितलं.

दिव्यातल्या आरशाचा साचा घासायचा त्याचाच जुना दोस्त, रोज डबा वाटून खाणारा. त्याने साचा पुन्हा घासला, तिसऱ्यांदा घासला. रेघ तशीच. "माझ्या हातातलं कसबच गेलं बघ," तो खालच्या मानेने म्हणाला. साहेबांनी त्याला घरी बसवलं.

नवे साचे बाहेरून आले. रेघ तरीही फिसकटलेलीच! तेव्हा कुठे तपासनीस डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला.

"दोन्हीकडे मोतीबिंदू आहे. उजेड पसरल्यासारखा दिसत असेल ना?"

दवाखान्यातून तो थेट कारखान्यात गेला. त्याने साहेबांना सगळं सांगितलं.

"झालं गेलं. ऑपरेशन करून घ्या आणि तोंड मिटून बसा," साहेब म्हणाले.

तो तडक मित्राच्या घरी गेला. मित्र खाटेवर पडून होता, उजव्या हाताला हे भलंमोठं बँडेज. पत्र्याच्या कारखान्यात कामाला लागला होता. दोन बोटं प्रेसखाली गेली.

"साचे घासायचं काम मिळत होतं हो," वहिनी म्हणाल्या, "पण ह्यांनी धसकाच घेतलेला. म्हणाले, आपल्याला ते आता जमायचं नाही."

तपासनिसाने सांगून टाकलं.

"म्हणजे साचा चांगला होता?" मित्राने विचारलं.

"पहिल्यापासून."

"आणि मी स्वतःलाच शिव्या घालत बसलो."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. तपासनिसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने झटकला.

वहिनी दार उघडून उभ्या राहिल्या. "भावजी, या आता तुम्ही."